गार्गी ऐकत असे

२१ जानेवारी १९५४

आज सकाळी गार्गीचा खून झाला. शब्द विचार करून वापरतो आहे. 'अपघात' हा शब्द बेफिकीर माणसांच्या सोयीसाठी निघाला आहे.

बागायतदार संघाची लॉरी रोजच्याप्रमाणे केळीचे लोंगर न्यायला आली. आमच्या बोळात तिला वळायला जागा नाही, म्हणून ती रस्त्यावरून उलटी आत येते. गार्गी बोळाच्या मधोमध कोवळ्या उन्हात बसली होती. तिची जागाच ती. मागचं चाक तिच्यावरून गेलं.

ड्रायव्हर पीटर टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "भोंगा दिला व्हता, अन्ना. परत दिला. मला वाटलं, मांजर हाय, सरकंल."

साफ खोटं. मी त्या वेळी मागच्या खोलीत सव्वीस तारखेच्या भाषणाची तयारी करत होतो. नेहमीसारखी, उभा राहून, पूर्ण आवाजात. मला भोंगा अजिबात ऐकू आला नाही. जो भोंगा मला ऐकू आला नाही, तो वाजलाच नाही.

सुशीला डोक्यावर लोंगर घेऊन बोळात आलीच होती. तिच्या डोळ्यांदेखत झालं. लोंगर टाकून ती धावली. गार्गीला पदरात घेऊन धुळीत बसून राहिली. मी उठवीपर्यंत उठली नाही.

वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या, काठावर सोनचाफ्याखाली पुरलं. माती लोटताना सुशीला म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय. गार्गीला..."

मी म्हणालो, "आधी माझं ऐक. मी या माणसाला सोडणार नाही."

ती गप्प बसली. दुःखात बायका मुक्या होतात, पुरुष पेटून उठतात.

२२ जानेवारी

झोप नाही. गार्गीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिच्याविषयी दुसरं कोण लिहिणार?

पंचेचाळीस साली तुरुंगातून सुटून घरी आलो, तर पडवीत एक दुधासारखी पांढरी मांजर बसलेली. डोळे निळे. सगळं गाव हार घेऊन दारात, घोषणा चाललेल्या, ढोल वाजतोय, आणि ही शांत. जणू माझीच वाट पाहत होती. त्याच दिवशी मी तिचं नाव गार्गी ठेवलं. भर सभेत न डगमगणाऱ्या विदुषीचं नाव.

आणि तिनं नावाचं चीज केलं. दिवाळीत अंगणात ॲटमबाँब फुटले की वाडीतले कुत्रे ओट्याखाली शिरत. गार्गी कूसही बदलत नसे. असं धैर्य मी पुढाऱ्यांत पाहिलेलं नाही. आणि तिचं ऐकणं! माझं एकही भाषण तिनं अर्ध्यावर सोडलं नाही. समोर बसे, नजर माझ्या तोंडावर, नाहीतर माझ्या हातावर. मी आरामखुर्चीत पडून मजकूर मोठ्यानं म्हणू लागलो की उडी मारून छातीवर यायची, गाल टेकवायची आणि घुरघुरायची. आवेशाची वाक्यं आली की जास्तच. एखादा परिच्छेद पडका असला की छातीवरून उठून खाली बसायची. तो परिच्छेद मी काढून टाकत असे.

माणसं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात. सुशीलेला भाषण ऐकवायला बसवलं, तर ऐन स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर विचारते, तांदूळ किती टाकू. गार्गीनं मला कधी तांदळाचं विचारलं नाही.

तिला हाक मारायची सुशीलेची रीतही रानवट. जेवायला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायची. विदुषीला कोणी पाय आपटून बोलावतं का? पण गार्गी बिचारी यायची. मी नावानं हाक मारली की मात्र येत नसे. मान होता तिला.

२४ जानेवारी

आज संघाच्या कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष या नात्यानं मीच ठराव मांडला: निष्काळजीपणाबद्दल पीटर यास कामावरून कमी करावे.

हरिभाऊ आमचे चिटणीस. केळी वाळवून सुकेळी करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या आगाशीत कोणी नाही, पण बोलायचं म्हटलं की गळाठतात. म्हणाले, "अण्णा, मांजर ती..."

"मांजर!" मी म्हणालो. "आज मांजर, उद्या मूल. प्रश्न मांजराचा नाही, जबाबदारीचा आहे. भोंगा झाल्याशिवाय कोणी माल रस्त्यावर आणायचा नाही, हा नियम या संघाला कोणी घालून दिला? मी. का? तर आधी आणला की ढोरं तोंड घालतात. सारी आगाशी त्या भोंग्यावर विश्वास टाकून चालते. आणि हा माणूस भोंगाच वाजवत नाही!"

हरिभाऊंनी हातातले कागद खाली ठेवले. "अण्णा, ते भोंग्याचं... गार्गीला जरा..." आणि त्यांनी हात कानाकडे नेला. मग कान खाजवला. "काही नाही," म्हणाले.

म्हातारे भालचंद्रकाका छताकडे बघत होते. ही माणसं! मुद्दा आला की कुणाला खाज सुटते, कुणाला छत आठवतं.

शेवटी ठरलं की ठराव पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. तोवर पीटर राहणार. लॉरी लष्कराच्या लिलावातली. लढाईत असल्याच गाड्या चालवलेला पीटर सोडला तर ती कुणाच्या हातानं चालू होत नाही. संक्रांतीला जुना ड्रायव्हर नोकरी सोडून गेला आणि हा आला. जुना चांगला होता. आमच्या बोळाशी आला की रोज खाली उतरायचा, गार्गीला उचलून ओट्यावर ठेवायचा, मग गाडी आत घ्यायचा. का उतरतो, मी कधी विचारलं नाही. आदर, दुसरं काय!

२६ जानेवारी

झेंडावंदन. भाषण झालं. लोक म्हणाले, उत्तम. मला माहीत आहे की पडलं. तालीमच नव्हती.

३१ जानेवारी

दोन आठवडे झाले नाहीत, आणि सुशीलेनं घरात दुसरं मांजर आणलं!

टोपलीत फडकं, फडक्यात पिल्लू. करडं, अंगावर पट्टे, कान शरीराच्या मानानं फार मोठे. पडवीत सोडताच ते कान चारी दिशांना फिरवायला लागलं. पंप, कावळा, शेजारच्यांची बादली, प्रत्येक आवाजाला एक कान. चंचल जात.

"हे काय?" मी विचारलं.

"मांजर."

"ते दिसतंय. घर आहे का धर्मशाळा? तिची माती अजून ओली आहे, आणि तू तिच्या जागी दुसरीला आणून बसवतेस?"

"जागी नाही हो. बाजूला." पिल्लू तिच्या बोटाला चाटत होतं. "आणि केळी पिकवायच्या खोलीत उंदीर झालेत. परवा दोन फण्या कुरतडल्या."

"कुठून आणलीस?"

"दिली कोणीतरी. मी सुकेळीचा पुडा दिला बदल्यात." आमच्याकडे मांजर फुकट घेत नाहीत. मग ती म्हणाली, "तुम्हाला कुणी दिली ते सांगायचंच होतं..."

मी ऐकायला थांबलो नाही. सोनचाफ्याखाली जाऊन बसलो. मागून तिचा आवाज आला, "चिंगे, ये गं." नावसुद्धा ठेवून झालं होतं.

गार्गीला पंधरा दिवसांत विसरणाऱ्या घरात, मी मेल्यावर काय होईल?

४ फेब्रुवारी

पिल्लाशी मी न्यायानं वागायचं ठरवलं. मुक्या जनावराला गुन्हेगार ठरवणं बरोबर नाही. आज मागच्या खोलीत त्याला समोर बसवलं आणि संयुक्त महाराष्ट्रावरच्या भाषणाची सुरुवात म्हटली. "बंधूंनो आणि भगिनींनो!"

एवढ्यावरच ते पळालं. भिंतीला धडकलं आणि तांदळाच्या कणगीमागे शिरलं. बाहेर काढायला संध्याकाळ झाली. मी हाक मारली तर आणखी आत. शेवटी सुशीला आली. खाली बसली, तोंडानं काहीतरी पुटपुटली, मला ऐकूही येईना इतकं हळू, आणि ते निमूट तिच्या मांडीवर.

"तुम्ही ओरडता ना," ती म्हणाली.

"मी ओरडत नाही. मी बोलतो."

"तेच ते."

मी लक्षात ठेवलं आहे: ती दिवसभर त्या पिल्लाशी बोलते. चुलीशी, ओट्यावर, फुलं खुडताना. ते मध्येच म्यांव करतं, मग ही हसते आणि पुढचं सांगते. काय सांगते? मी आत पाऊल टाकलं की थांबते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याशी ती एवढी वाक्यं कधी बोलली नाही. एका पट्टेवाल्या पिल्लाशी बोलण्यासारखं तिच्यापाशी आहे तरी काय?

९ फेब्रुवारी

आज सगळं उघडकीस आलं.

सकाळी पिल्लू माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर होतं. आत नाही, उंबऱ्यावर, पण होतं. मीही आवाज खाली ठेवला होता. एकाएकी त्याचे दोन्ही कान उभे राहिले आणि ते बाणासारखं बोळाकडे सुटलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मागे गेलो. मग दूर देवळाच्या वळणावर कुठं भोंगा वाजला. लॉरी आली. पीटर खाली उतरला. पिल्लू थेट त्याच्या पायांवर चढलं!

"काय गं रोजी," तो म्हणतो. खिशातून सुकट काढली. "बरी हायस ना नव्या घरात?"

रोजी! म्हणजे हे त्याच्या घरचं! माझ्या गार्गीला चिरडणाऱ्या माणसाच्या घरचं पिल्लू माझ्या घरात!

मला पाहून त्यानं टोपी काढली. मी त्याच्याशी बोललो नाही. आत येऊन सुशीलेला विचारलं.

"हो," ती म्हणाली. तिनं परात बाजूला ठेवली. "सालोमीनं दिलं. पीटरच्या बायकोनं. त्यांच्या मांजरीला एकच पिल्लू झालं होतं, ते दिलं. मुलं रडत होती देताना. त्यांनी आपल्या घरातलं मांजर दिलं, आणि तुम्ही त्यांच्या घरातली नोकरी घेताय."

"लाच आहे ती!"

"लाच तुम्हाला द्यायची तर मला कशाला देतील? ते पिल्लू माझं आहे. आणि चूक पीटरची नाही, माझी आहे. मी त्याला सांगायला हवं होतं की गार्गीला..."

"चूक तुझी? तू लॉरी चालवत होतीस? भावनेच्या भरात स्वतःवर दोष ओढून घेऊ नकोस. अशानंच गुन्हेगार सुटतात."

तिनं परात पुन्हा पुढे ओढली. भाकरी इतक्या जोरात थापली की पिल्लू उठून गेलं.

१४ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण इथं खोटं लिहायचं नाही. काल आगाशीच्या बाजारात मी सुकट घेतली. बाजारात दोघांनी विचारलं, "अण्णा, तुम्ही? सुकट?" मी म्हणालो, पाहुणे आहेत.

पिल्लानं माझ्या हातून सुकट खाल्ली. सगळी. मी म्हटलं, आता ऐक. ते गेलं.

आज सकाळी मी त्याला मागच्या खोलीत कोंडलं. लॉरी येऊन जाईपर्यंत. काय हक्क आहे त्या माणसाला, माझ्या फाटकात उभं राहून माझ्या घरातलं प्रेम उचलून न्यायचा? दूरवर भोंगा वाजला असावा, कारण पिल्लू दारावर आपटू लागलं, किंचाळलं, माझ्या भाषणाचे कागद फाडले. सुशीला आली. तिनं काही न बोलता कडी काढली. ते माझ्या पायांमधून पळालं. बोळातून पीटरचं हसणं ऐकू आलं. खोल, हळू हसतो तो. चर्चमध्ये गातो म्हणे.

कागद गोळा करताना मला गार्गी आठवली. तिला कोणाच्याही भोंग्याची ओढ नव्हती.

१९ फेब्रुवारी

दुपारी सालोमी आली होती. मागच्या पडवीत दोघी. मी आतल्या खोलीत वाचत होतो. ऐकायचं म्हणून ऐकलं नाही.

आधी हसणं. "सुशीलाबाय, तुमचे मालक बाजारात सुकट घेत व्हते म्हनं! माझ्या जावेनंच दिली. म्हनाले, पावने हायेत. म्या म्हटलं, पावना चार पायांचा असंल." आणि सुशीला! इतकी हसली की खोकला लागला. तिला असं हसताना मी शेवटचं केव्हा ऐकलं? कधी ऐकलं तरी होतं का?

मग आवाज बारीक झाला. सालोमी म्हणत होती, "लॉरी गेली तर तो परत होडीवर जानार. दुसरं काय येतं त्याला? त्याचा धाकटा भाऊ त्याच पान्यात गेला, बाय. अर्नाळ्याच्या बेटाफुडं. त्या दिवसापासनं हा पान्यात पाय टाकत नाय. आनी आता म्हनतो, जातो. मी रातभर त्याच्या तोंडाकडं बघत बसते."

सुशीला म्हणाली, "जाणार नाही. मी आहे ना."

तू काय करणार आहेस, असं मला दाराआडून विचारावंसं वाटलं. सभेत बोलायला छाती लागते.

एक लिहून ठेवतो. त्या बाईच्या दुःखानं मी हललो. दगड नाही मी. पण खोटं बोलणाऱ्याला दया दाखवली, तर खऱ्याचं काय राहील? त्यानं एकदा म्हणावं, भोंगा वाजवला नव्हता, चुकलो. मी त्याच क्षणी ठराव मागे घेईन. पण तो म्हणत नाही. मान खाली घालून तेच: "दिला व्हता, अन्ना."

२७ फेब्रुवारी

भाषण तयार. इतकं नेमकं फार दिवसांत लिहिलं नव्हतं. संध्याकाळी सुशीला दारात येऊन उभी राहिली. "उद्याच्या आधी माझं एक ऐकाल?"

"उद्या सभा झाल्यावर निवांत ऐकतो."

"बरं," ती म्हणाली. "मग सभेतच ऐका."

ती काय म्हणाली हे नीट कळलं नाही. तेव्हा मी शेवटचा परिच्छेद जुळवत होतो.

२८ फेब्रुवारी

सर्वसाधारण सभा झाली. झाली तशी लिहितो.

चर्च सुटल्यावर लोक आले. संघाच्या मांडवात जागा उरली नाही. पीटर मागे खांबाला टेकून उभा. बायकांच्या बाजूला दहा-बाराजणी, त्यांत सुशीला. तिचं येणं मला विशेष वाटलं. बेचाळीसला सरकारी जप्तीच्या भीतीनं मी अर्धी वाडी तिच्या नावे केली होती, ती तशीच राहिली आहे. त्यामुळे ती सभासद. पण आजवर आली नव्हती.

मी बोललो. माझं उत्तम भाषण होतं ते, अजूनही वाटतं. जबाबदारी, शिस्त, स्वतंत्र देशातला कामगार आणि त्याचा शब्द. मग शेवटाकडे आलो आणि आवाज चढवला: "हा माणूस सांगतो, मी भोंगा वाजवला. म्हणजे काय? भोंगा वाजला आणि माझी गार्गी जागची हलली नाही? कोण गार्गी? जिनं माझं प्रत्येक भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, ती! या आगाशीत तिच्याइतकं चांगलं ऐकणारं दुसरं कोण होतं, सांगा!"

मांडवात पूर्ण शांतता. माणसं आपापल्या टोप्यांत पाहत होती. भालचंद्रकाका छताकडे. हरिभाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, जिंकलो. इतकी शांतता मला कुठल्याही सभेत मिळाली नव्हती.

"कोणाला विरोधात बोलायचंय?"

"मला," सुशीला म्हणाली. उभी राहिली.

"तू बस. सभासदांनाच..."

"अण्णा," हरिभाऊ हळूच म्हणाले, "वहिनी सभासद आहेत."

तिनं पदर खोचला. तिचा आवाज मागेपर्यंत जाईना. मागची माणसं पुढे झुकली.

"भोंगा वाजला होता," ती म्हणाली. "म्हणून तर मी लोंगर घेऊन बोळात होते. भोंग्याआधी माल आणायचा नाही, हा यांचाच नियम. आणि गार्गी बहिरी होती. जन्मापासून. जुन्या ड्रायव्हरला ठाऊक होतं, तो उचलून ठेवायचा. नव्याला मी सांगायचं राहिलं. ती चूक माझी." मग सभेकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वेळा सांगायला आले हो. तुम्ही म्हणायचात, आधी माझं ऐक."

ती बसली.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. भालचंद्रकाका छताकडेच बघत म्हणाले, "सगळ्या आगाशीला ठाऊक आहे, दिवाकर. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

टेबलाची कड मी धरली होती, ती धरूनच म्हणालो, "ठराव मागे." माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. त्यालाही टाळ्या पडल्या नाहीत. खांबाशी सालोमी पीटरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि पीटर माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला काही उत्तर देता आलं असतं.

१ मार्च

बोललो नाही.

२ मार्च

आजही नाही. पण लिहितो, नाहीतर छाती फुटेल.

मला लाज वाटावी, हे कळतं. वाटते आहे. पण तिच्याखाली दुसरं काही आहे, आणि ते जास्त जळतं आहे. सगळ्यांना ठाऊक होतं! हरिभाऊंना. काकांना. त्या जुन्या ड्रायव्हरला, जो तिला दररोज दोन हातांनी उचलायचा. पाय आपटला की जमीन हलते आणि ती येते, हे सुशीलेला ठाऊक होतं. प्रत्येकाची तिच्याशी खरी ओळख होती. मीच एकटा एका माझ्या मनातल्या मांजरीशी बोलत होतो. माझ्या गार्गीवर सगळ्या गावाचा हक्क होता, माझा सोडून. मेलेल्या मांजरीच्या बाबतीत इतका मत्सर कोणाला वाटला असेल का?

आणि ते पडके परिच्छेद! तिच्या एका उठण्यानं मी किती चांगली वाक्यं काढून टाकली असतील.

४ मार्च

घरात इतकी शांतता आहे की नवीन नवीन आवाज ऐकू येतात. सुकेळीच्या मांडवावर पाखरं उतरतात त्यांचा. सुशीलेच्या बांगड्यांचा. ती कामात गुणगुणते. हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारी मी आरामखुर्चीत पडलो होतो. ती कोकमाचं सरबत घेऊन आली. चार दिवसांनी पहिलं वाक्य बोललो. "मग ती माझ्या छातीवर का येऊन बसायची?"

सुशीला हसली. "तुम्ही भाषण म्हणायला लागलात की तुमची छाती घुमते. जात्यासारखी. तिला तेवढंच लागत असणार. इतरांचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, तुमचा पोचायचा. खरं सांगायचं तर तेवढा तुमचाच."

"तुला काय माहीत, माझी छाती घुमते ते?"

"अगोबाई! मला नाही माहीत, तर कुणाला?" आणि पेला उचलून निघून गेली. कानापर्यंत लाल झाली होती. या वयात!

पिल्लू आज उंबऱ्याच्या आत बसलं होतं. मी काहीच बोललो नाही, म्हणून असेल.

७ मार्च

आज मी लॉरीच्या आधी बोळात जाऊन उभा राहिलो. पीटरला काय म्हणायचं ते ठरवलं होतं. चांगलं जमलं होतं, सुरुवात आणि शेवट दोन्ही. पिल्लू माझ्या पायाशी होतं. त्याचे कान उभे झाले, मी कान दिला, आणि थोड्या वेळानं मलाही भोंगा ऐकू आला: आधी देवळाजवळ, मग भालचंद्रकाकांच्या वाडीशी, मग हरिभाऊंच्या. घरोघर माणसं हलायला लागली. इतकी वर्षं हा भोंगा मी घालून दिलेल्या नियमानं वाजतो आहे, आणि तो असा जवळ जवळ येतो, हे मला माहीत नव्हतं.

पीटर उतरला. खाली वाकून बोळ तपासला, चाकांमागे पाहिलं. पिल्लू धावलं, त्याच्या हातावर चढलं. मी पुढे झालो. "पीटर!" एवढं म्हणताच पिल्लानं त्याच्या सदऱ्यात नखं रोवली.

"हळू, अन्ना," तो म्हणाला, "घाबरती ती."

मग मी हळू म्हणालो. जे ठरवलं होतं त्यातलं एकच वाक्य म्हणालो.

"काय म्हनालात? आयकू नाय आलं."

तो मुद्दाम म्हणाला की खरंच, मला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ त्यानं आणली नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, अन्ना. लोंगराला हात लावता का? एकट्यानं जड हाय." मी लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच वाडीतले लोंगर माझ्या हातांनी गाडीत चढले. अंगरख्याला चीक लागला आहे, तो जात नाही म्हणे.

लॉरी गेली. पिल्लू वळणापर्यंत तिच्याकडे बघत बसलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. उठलं आणि माझ्या बाजूनं निघून थेट ओट्यावर, सुशीलेच्या मांडीवर. मत्सर वाटला. वाटतो आहे. तो जाईल असं दिसत नाही, तर त्याला घेऊनच ओट्यावर जाऊन बसलो. तिच्यापासून थोड्या अंतरावर.

ती पिल्लाला काहीतरी सांगत होती. मी आलो तशी थांबली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिनं पुन्हा सुरुवात केली, पिल्लाकडे बघतच, पण जरा मोठ्यानं, मला पोचेल इतकं.

"बेचाळीसला हे आत होते ना, तेव्हा घरात बोलायला कोणी नव्हतं. पोलिसांच्या भीतीनं माणसं दारापर्यंत येत नसत. मग ती आली, बावखलापाशी, भिजलेली. तिला ऐकू येत नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं मला. तरी तीन वर्षं मी तिच्याशी बोलले. सगळं सांगितलं. हे सुटून आले आणि तिचं नाव गार्गी ठेवलं. कोणी विचारलंच नाही, आधी काही नाव होतं का."

माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. मी तो गिळला आणि ती सांगेपर्यंत गप्प बसलो.